सुपरचार्जर बसवलेल्या गाडीला कोणते स्पार्क प्लग घालावेत?

तुम्ही लिहिलंय की १.६ लिटरच्या पेट्रोल इंजिनावर ७ पीएसआय दाबाचं सुपरचार्जर किट (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) बसवलंय, दाबून पळवली की वरच्या आरपीएमला गाडी मिसिंग करते, आणि दुकानदार महागडे इरिडियम प्लग घ्या म्हणतोय. घ्यावेत का?

आत्ता नको. आधी हीट रेंज (प्लग किती थंड किंवा गरम) बघा, मग गॅप (ठिणगी उडते ती फट). टोकाचा धातू सगळ्यात शेवटी. मी कोल्हापुरात उद्यमनगरात इंजिनाची कामं करतो. इथे येणारे बरेच जण हा क्रम नेमका उलटा धरतात आणि पैसे घालवून बसतात. (गाडी कंपनीतूनच सुपरचार्ज्ड आली असती तर हँडबुकात लिहिलेला प्लग घाला म्हणून विषय संपवला असता. तुमचं किट नंतरचं आहे.)

थंड प्लग, गरम प्लग याचा ठिणगीशी काही संबंध नाही. प्लगच्या टोकाची उष्णता हेडकडे किती लवकर जाते, एवढाच तो हिशोब. आतल्या चिनीमातीचं नाक लांब असेल तर उष्णता उशिरा जाते, तो गरम प्लग. नाक आखूड, तो थंड. टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं तर काजळी आपोआप जळते. ८५० च्या आसपास गेलं की ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटायला लागतं आणि पिस्टनचं वाटोळं होतं. सुपरचार्जरने सिलिंडरात जास्त हवा आणि जास्त पेट्रोल जातं, म्हणजे उष्णताही जास्त. म्हणून तुमच्या बूस्टला (सुपरचार्जरच्या ७ पीएसआय दाबाला) मूळ प्लगपेक्षा एक पायरी थंड घ्या.

पायरी कळते कोडवरून. उदाहरणार्थ एनजीके कंपनीचा बीकेआर६ई-११: यातला ६ म्हणजे हीट रेंज, शेवटचे ११ म्हणजे १.१ मिमी गॅप. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये नेमकं उलट. ब्रँड बदलताना इथेच घोळ होतो. आट्याची लांबी मात्र मूळ प्लगइतकीच हवी, आणि कोडमधला आर सोडू नका. आर म्हणजे रेझिस्टर, तो नसेल तर ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) त्रास होतो.

दोन पायऱ्या थंड घ्या म्हणणारेही भेटतील. रोजच्या गाडीला तसं करू नका. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत जाताना असा प्लग तापतच नाही, काळा पडतो आणि सकाळी गाडी स्टार्ट व्हायला रडते.

आता तुमचं मिसिंग. माझा पहिला संशय गॅपवर आहे. सिलिंडरात दाब वाढला की तेवढ्याच फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. ते व्होल्टेज देणारी कॉइल कमी पडली की ठिणगी गायब. गॅप १.१ मिमी असेल तर ०.८ वर आणा, तरीही मिसिंग राहिलं तर ०.७. फिलर गेजनेच (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. इरिडियमचं टोक सुईसारखं बारीक असतं, त्यावर गेज दाबून सरकवलं तर ते तुटतं. म्हणूनच सेटिंग चालू असेपर्यंत साधे निकेलचे प्लग वापरा. स्वस्त असतात, चार-पाच वेळा उघडझाप केली तरी जीव वरखाली होत नाही. सेटिंग जमलं की मग त्याच हीट रेंजचे इरिडियम खुशाल घाला, ते जास्त टिकतात.

नवे प्लग घालून साखरप्याकडून आंबा घाट चढून या, तिथे इंजिनावर सलग भार येतो. इंजिन गार झाल्यावर प्लग काढून भिंगातून चिनीमाती बघा. फिकट तपकिरी असेल तर उत्तम. पांढरीफटक आणि फोड आलेली असेल तर प्लग गरम पडतोय किंवा मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) आहे. चिनीमातीवर बारीक चमकणारे कण दिसले तर गाडी पळवणं तिथेच थांबवा. तो पिस्टनचा ॲल्युमिनियम आहे, नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी भडका) चालू आहे, आणि ते प्लग बदलून जात नाही. ठिणगीचं टायमिंग आणि पेट्रोलचं मॅपिंग (कधी किती सोडायचं ते) ट्यूनरकडून तपासून घ्यावं लागतं.

मूळ प्लगवरचा पूर्ण कोड इथे लिहा, नेमका नंबर सांगतो.