टीव्हीवरची कुस्ती आणि दहावीतला मुलगा

स. न. वि. वि.

आपले देवगडहून आलेले पत्र वाचले. मुलगा टीव्हीवरील ‘डब्ल्यूडब्ल्यूई’ या अमेरिकी कुस्तीच्या कार्यक्रमाच्या नादाने खळ्यात गादी टाकून चुलतभावांना उचलून आपटतो, परराज्यातील एका प्रशिक्षण केंद्रासाठी दीड लाख रुपये मागतो, आणि ‘ही कुस्ती खोटीच ना, मग तीत करिअर कसले?’ असा आपला प्रश्न आहे.

निकाल आधी ठरलेला असतो, ही गोष्ट आता कोणी लपवतही नाही. पडणे मात्र खरे असते. रिंगणातील कॅनव्हासखाली फोमचा पातळ थर, त्याखाली लाकडी फळ्या आणि लोखंडी चौकट असते. पाठीवर पडताना हनुवटी छातीशी घट्ट धरून, पसरलेल्या हातांचा फटकारा देत आघात सगळ्या पाठीवर वाटून घ्यावा लागतो. हनुवटी सुटली की डोके आपटते. १९९९ साली डॅरेन ड्रोझडॉव्ह या मल्लाची मान अशाच एका लढतीत मोडली आणि तो कायमचा पंगू झाला. खळ्यातील आपटाआपटी आजच बंद करावी.

ही मल्लांची कायम नोकरी नव्हे. करार असतो, वर्षाचा मोठा भाग प्रवासात जातो, आणि माईक हातात घेऊन हजारो लोकांसमोर इंग्रजीत ठसक्यात बोलणे हाही कामाचाच भाग असतो. मुलाने इंग्रजीचा तास चुकवून सराव करू नये, हे त्याला हेच कारण देऊन सांगून पाहावे. पटण्याची शक्यता अधिक.

तिथे पोहोचलेल्यांचा मार्ग पाहिला, तर अनेकांनी आधी दुसऱ्या खेळात वा नोकरीत पाय रोवलेले दिसतात. कर्ट अँगलने १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये कुस्तीचे सुवर्णपदक जिंकले, मग तो या व्यवसायात आला. आपल्याकडील ‘द ग्रेट खली’ म्हणजे दलीप सिंग राणा आधी पंजाब पोलिसात होता. त्यामुळे दीड लाखांचा विचार तूर्त बाजूला ठेवावा आणि मुलाला आधी खरी कुस्ती शिकू द्यावी.

फोंडा घाट चढून गेले की कोल्हापूर फार दूर नाही, आणि तिथे गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग अशा नामांकित तालमी आहेत. मातीबरोबर मॅटवरचा सराव कुठे होतो, याची चौकशी अवश्य करावी, कारण राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धा मॅटवर होतात. या वाटेला नोकरीचा आधारही आहे: राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवणारा राहुल आवारे पोलीस उपअधीक्षक झाला. अर्थात नुसत्या तालमीत जाण्याने ही जागा मिळत नाही. त्यासाठी पात्र स्पर्धेतील पदक आणि पडताळणी झालेले प्रमाणपत्र लागते. खुराकाचा खर्च मोठा आहे, तो आधीच हिशेबात धरावा; बांगडे-तारली घरची मिळत असतील तर ती सोडून महागड्या पावडरींच्या मागे लागू नये.

परीक्षा संपते तेव्हा आपल्या बागेत आंबा उतरवण्याची घाई असेल, तरी मुलाची मान, गुडघे आणि हृदय डॉक्टरांकडून तपासून घेऊन त्याला महिनाभर तालमीत ठेवावे. पहाटेची मेहनत त्याला झेपली आणि वस्तादांनी पुढे ठेवून घेण्याची तयारी दाखवली, तर अकरावीचा प्रवेश कोल्हापुरात घ्यावा. नाहीतर देवगडातच घ्यावा आणि मला पुन्हा लिहावे, मग कबड्डीचा विचार करू.