बोलण्यावर पोट भरतं का, मॅडम?

बारावीचा निकाल लागला की माझ्यासारख्या करिअर समुपदेशकाकडे हा प्रश्न हमखास येतो. विचारणारे बहुधा वडील असतात.

सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या अशाच एका वडिलांच्या हातात लेकीच्या वक्तृत्व स्पर्धांच्या प्रमाणपत्रांची जाड फाइल होती. तिला मास मीडिया हवं होतं, त्यांना लॉ. दोन बैठका याच ओढाताणीत गेल्या.

तिसऱ्या वेळी मी फाइल बाजूला ठेवून तिला विचारलं, "स्टेज सोड. घरात बोलून कुणाचं मन वळवलंस कधी?"

"आजीचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन नकोच म्हणायची. सगळे तिला डॉक्टर किती चांगले आहेत ते सांगायचे. मी विचारलं, भीती कसली वाटते? तिच्या मैत्रिणीचा डोळा गेला होता. मग ऑपरेशन झालेल्या शेजारच्या काकूंना घरी बोलावलं. त्यांनी आजीसमोर चष्मा न लावता सुईत दोरा ओवला."

"मग?"

"आजीच म्हणाली, तारीख घे."

वडिलांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

बोलणाऱ्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद हे अॅरिस्टॉटलने सांगितलेले वक्तृत्वाचे तीन आधार. पोरीने तिन्ही न शिकता वापरले होते, आणि सुरुवात ऐकण्यापासून केली होती. कल चाचणीचे आकडे मीही बघते, पण मुलांचा कल मला अशा प्रसंगांत जास्त स्वच्छ दिसतो. तो दिसेपर्यंत मी कोर्सचं नाव काढत नाही. हिचं मन कॅमेऱ्यापेक्षा माणसांत होतं. आरोग्यसंवाद, जनजागृती, स्वयंसेवी संस्था अशी कामं तिच्यासमोर ठेवली, तशी ती भराभर प्रश्न विचारू लागली. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, हेही मी लपवलं नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात मेजर म्हणजे मुख्य विषयासोबत मायनर म्हणजे दुय्यम विषय घेता येतो. आम्ही मानसशास्त्र मेजर आणि जनसंवाद मायनर असं ठरवलं. पुढे पत्रकारिता-संज्ञापनाच्या एमएला कुठल्याही शाखेची पदवी चालते. पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट त्यासाठीच ओळखलं जातं. आणि तीन वर्षांचं एलएलबी पदवीनंतरही करता येतं. हे ऐकल्यावर वडील खुर्चीत सैलावून बसले.

मात्र प्रत्येक कॉलेजात प्रत्येक मायनर मिळत नाही. फी भरण्याआधी तिथे जाऊन विषयांची यादी मागा. अभ्यासक्रमात लेखन, मुलाखती आणि प्रत्यक्ष फील्डवर्क किती आहे ते तपासा, आणि ही विचारपूस मुलीलाच करू द्या.