अथेन्सच्या एरेक्थिऑनमधल्या स्त्रीमूर्ती खरंच छत पेलतात, की नुसत्या शोभेच्या आहेत? इतक्या बारीक मानेवर दगडी छत टिकतं कसं?

खरंच पेलतात. अक्रोपोलिस या अथेन्समधल्या टेकडीवरचं हे देऊळ इ.स.पू. ४२१ ते ४०६ च्या सुमारास बांधलं गेलं. त्याच्या दक्षिणेकडच्या ओसरीचं संगमरवरी छत सहा मूर्तींच्या डोक्यांवर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉर्ड एल्गिन या ब्रिटिश राजदूताने यातली एक मूर्ती काढून नेली (ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे), तेव्हा तिच्या जागी विटांचा खांब उभा करावा लागला. यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा? आज देवळात दिसतात त्या मात्र प्रतिकृती. प्रदूषणाने दगड झिजू लागला म्हणून उरलेल्या मूळ मूर्ती १९७९ मध्ये संग्रहालयात हलवल्या.

मानेचं उत्तर मूर्तीच्या पाठीमागे आहे, म्हणून ते फोटोंत सहसा दिसत नाही. डोक्यामागून जाडजूड वेण्या मानेला लगटून पाठीवर उतरतात. केस आणि मान एकाच दगडातली, त्यामुळे समोरून नाजूक वाटणारी मान प्रत्यक्षात चांगली भक्कम आहे. अथेन्सच्या नव्या संग्रहालयात या मूर्तींना चहूबाजूंनी फेरी मारता येते. मी सगळ्यात जास्त वेळ त्या वेण्यांपाशीच उभा होतो.

मग पाय बघा. एक गुडघा किंचित दुमडलेला, त्यावर वस्त्र चापून बसलेलं. ज्या पायावर भार आहे तो मात्र सरळ उभ्या चुण्यांआड पूर्ण झाकलेला, आणि त्या चुण्या थेट ग्रीक खांबावरच्या खोबणींसारख्या दिसतात. पश्चिमेकडच्या तिघींचा भार उजव्या पायावर, पूर्वेकडच्या तिघींचा डाव्या. म्हणजे दोन्हीकडे बाहेरचा पायच खांबाचं काम करतो. शिवाय देवळाच्या इतर भागात तुळईवर असलेला शिल्पपट्टा या ओसरीला दिलेलाच नाही, त्यामुळे डोक्यांवरचा भार हलका झाला आणि दिसायलाही हलका वाटतो.

आपल्याकडच्या देवळांत खांबांच्या माथ्यावर कीचक असतात. ते ठेंगणे, पोट सुटलेले, हात वर करून जोर लावणारे. या सहाजणींच्या चेहऱ्यावर किंवा खांद्यांवर श्रमाची एक रेषाही नाही. मला त्यांचं हेच सगळ्यात मोठं मोल वाटतं.

त्यामुळेच विट्रुव्हियस या प्राचीन रोमन वास्तुतज्ज्ञाने सांगितलेली गोष्ट मला पटत नाही. इराणी आक्रमकांना सामील झालेल्या कॅरिए गावच्या बायकांना शिक्षा म्हणून असं भाराखाली उभं दाखवलं, असं तो लिहितो. पण ग्रीसमधल्या डेल्फी या तीर्थक्षेत्री सिफ्नोस बेटाच्या लोकांनी बांधलेल्या कोषागाराला इ.स.पू. ५२५ च्या सुमारासच स्त्रीमूर्तींचे खांब होते, त्या युद्धांच्या कितीतरी आधी. एरेक्थिऑनच्या मूर्तींचे हात तुटलेत, पण रोमजवळच्या तिवोलीला सम्राट हेड्रिअनच्या प्रासादात त्यांच्या रोमन प्रतिकृती सापडल्या आणि त्यांच्या हातात तर्पणाची उथळ वाटी आहे. या ओसरीखालीच अथेन्सचा पुराणातला राजा केक्रोप्स याची समाधी मानली जात असे. त्या शिक्षा भोगणाऱ्या दासी नसून त्याला अर्घ्य द्यायला आलेल्या मुली आहेत, हेच मला जास्त पटतं.