चार फुटी खाऱ्या पाण्याचा माशांचा टँक आणि त्याखालचा संप (जिथून पंप पाणी परत टँकमध्ये चढवतो ती टाकी) घरीच बनवायचा आहे. लाइट गेल्यावर पाणी घरभर होणार नाही, असं प्लंबिंग कसं करायचं?

तुमचं माप १२० × ४५ × ४५ सेंमी आहे आणि संप स्टँडच्या आत ठेवायचा आहे, असं तुम्ही लिहिलंय. त्याच मापावर उत्तर देतो. एकच आग्रह आहे: काच कापायला देण्याआधी कागदावर दोन हिशेब करा. पंप बंद पडला तर वरचं किती पाणी खाली येईल आणि खाली जाणारा पाइप तुंबला तर पंप किती पाणी वर चढवेल. ही दोन्ही पाण्यं जिथे जातील तिथे मावली, की घरात पाणी होण्याची दोन मोठी कारणं मिटतात. सेन्सर आणि अलार्म त्यानंतर.

पहिला हिशेब. १२ मिमी काचेची जाडी वजा केली, की तुमच्या टँकमध्ये दर सेंटिमीटर उंचीला साधारण ५ लिटर पाणी बसतं. पंप थांबला की रिटर्नच्या, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या, पाइपमधून उलटा सायफन सुरू होतो (वरचं पाणी आपोआप खाली ओढलं जातं) आणि त्या पाइपच्या टोकाच्या नोझलचं तोंड उघडं पडेपर्यंत पाणी संपमध्ये उतरत राहतं. नोझल पाण्याखाली अडीच सेंमी असेल तर साडेबारा लिटर उतरतील, ओव्हरफ्लो बॉक्स (टँकमधून खाली जाणारं पाणी ज्यात पडतं तो कप्पा) आणि पाइपांमधले सहा-सात लिटर धरून वीसच्या आत. तेच नोझल ‘प्रवाह तळापर्यंत जावा’ म्हणून २० सेंमी खाली नेलंत तर शंभर लिटर उतरतील, आणि तेवढी जागा संपमध्ये नसते. ९० × ४० × ४० चा संप २२ सेंमीपर्यंत भरून चालवला, तर वर सुमारे ६० लिटरांची रिकामी जागा उरते. म्हणजे नोझल वर ठेवलं तर निश्चिंत.

नोझलजवळ पाण्याच्या पातळीलगत सहा मिमीचं भोक पाडून सायफन तोडायची पद्धत आहे. भोक जरूर पाडा, पण भरवसा ठेवू नका. शेवाळ किंवा एखादी गोगलगाय ते बुजवते. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचंही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेचंही) तेच. खाऱ्या पाण्यात त्याच्या झडपेवर चुन्याचा थर चढतो, वाळूचा एक कण अडकला तरी ती पूर्ण मिटत नाही. मी तर तो बसवूच नका म्हणेन, कारण तो असला की माणूस नोझलची उंची तपासायचं विसरतो.

दुसरा हिशेब बहुतेक जण करतच नाहीत. संपमधला पंपाचा कप्पा मोठा ठेवला, तर खाली जाणारा पाइप तुंबल्यावर पंप तो अख्खा कप्पा वर उपसतो. कप्पा २५ सेंमी लांब आणि त्यातलं पाणी २० सेंमी खोल असेल तर साधारण १९ लिटर, म्हणजे वरची पातळी जवळपास चार सेंमीने चढेल. म्हणून टँक काठोकाठ न भरता पाणी ४० सेंमीवर ठेवा, पाच सेंमी काठ मोकळा सोडा. शेजारच्या कप्प्याची आडवी काच पंपाच्या कप्प्यातल्या पाण्यापेक्षा वर हवी, नाहीतर पंप तिकडचंही ओढेल.

आता ओव्हरफ्लो. मागच्या कोपऱ्यात २० × १५ सेंमीचा काचेचा उभा बॉक्स, वर दाते कापलेले, आणि त्याच्या आत तळाच्या काचेत दोन भोकं. बॉक्स ॲक्रिलिकचा करू नका; सिलिकॉन ॲक्रिलिकला नीट धरत नाही. दोन्ही भोकांत एक इंची बल्कहेड (काचेच्या भोकात नटाने आवळायचं, पाइप जोडायचं फिटिंग) आणि त्यावर दोन उभे पाइप. पहिला पूर्ण सायफनचा, म्हणजे हवा न घेता पूर्ण भरून वाहणारा, त्याचं तोंड दात्यांच्या २० सेंमी खाली आणि त्यावर जाळी. दुसरा आणीबाणीचा, तोंड दात्यांच्या पाच सेंमी खाली. दुसऱ्या पाइपवर व्हॉल्व्ह कधीही लावायचा नाही. या रचनेला हर्बी म्हणतात. एकाच पाइपने भागवलं तर दिवसरात्र गुडगुड ऐकावी लागते, आणि तो तुंबला की दुसरी वाट नसते.

सायफनच्या पाइपवर संपच्या वर गेट व्हॉल्व्ह हवा. बॉल व्हॉल्व्हने काम भागतं, पण केसभर फिरवायला गेलं की तो बोटभर फिरतो. चालू करताना व्हॉल्व्ह उघडा ठेवून पंप लावा. आधी हवा आणि पाणी मिसळून खळखळाट होईल, मिनिटभरात पाइप भरला की आवाज एकदम बंद होतो. मग व्हॉल्व्ह अगदी हळू बंद करत जा. बॉक्समधली पातळी चढेल, आणि दुसऱ्या पाइपच्या काठावरून करंगळीपेक्षा बारीक धार आत उतरू लागली की हात काढा. सायफनच्या पाइपचं खालचं टोक संपमधल्या पाण्यात दोन-तीन सेंमीच बुडालेलं असावं. जास्त बुडवलं तर पाइपमधली हवा बाहेर पडत नाही आणि लाइट आल्यावर सायफन पुन्हा धरत नाही.

भोकं पाडताना: टफन्ड काचेला ड्रिल लावलंत तर तिचा चुरा होईल, म्हणून तळाची काच साधी फ्लोट हवी. बल्कहेड आधी विकत घ्या, ते मोजा आणि त्या मापाचा डायमंड होल कटर घ्या. भोकाच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत किमान भोकाच्या व्यासाएवढं अंतर सोडा. ड्रिलचा हॅमर मोड बंद, वेग कमी, वरून पाण्याची सतत धार. काचेखाली सपाट थर्माकोल आणि पाठीमागे चिकटपट्टी, म्हणजे सुटलेली चकती खाली आपटत नाही. ड्रिलचं स्वतःचं वजन पुरेसं आहे, वरून दाबायचं नाही. शेवटच्या दोन मिमीला तर हात आणखी हलका करा. काच तडकते ती बहुतेक तिथेच.

टँकच्या सांध्यांना बुरशीरोधक न घातलेलं शंभर टक्के सिलिकॉन वापरा. बाथरूमसाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं आणि ते माशांना विषारी ठरतं. आठवडाभर सुकू द्या. बल्कहेडला मात्र सिलिकॉन लावायचं नाही. रबराचं वायसर टोपीच्या बाजूला, म्हणजे पाण्याच्या बाजूला, आणि नट हाताने आवळून वर पाव फेरा.

हार्डवेअरच्या दुकानात तीन गोष्टी सांभाळा. पहिली, धातू नको. आपल्याकडे सीपीव्हीसीच्या आट्यांच्या फिटिंगमध्ये आत पितळेची बांगडी सर्रास असते. पितळेतलं तांबं खाऱ्या पाण्यात उतरतं आणि कोळंबी, गोगलगाय, पोवळी यांना ते अगदी थोडंही सहन होत नाही. पूर्ण प्लॅस्टिकच्या आट्यांचंच फिटिंग मागा. गेट व्हॉल्व्ह तर नळवाल्यांकडे सहसा पितळेचा किंवा गनमेटलचाच असतो. पीव्हीसीचा ॲक्वेरियमच्या दुकानातून मागवावा. दुसरी, मापं. शेतीच्या पाइपांचं ३२ मिमी आणि घरगुती प्लंबिंगच्या यूपीव्हीसीचं एक इंची, म्हणजे बाहेरून ३३.४ मिमी, दिसायला सारखं असलं तरी एकमेकांत नीट बसत नाही. एकच पद्धत धरा आणि बल्कहेड त्याच मापाचं आहे का ते दुकानातच पाइप घालून बघा. तिसरी, युनियन, म्हणजे फिरवून सोडवता येणारा सांधा. पंपाच्या डोक्यावर एक आणि प्रत्येक उभ्या पाइपवर एक. चिकटवलेला सांधा सुटत नाही, आणि पंप धुवायला वर्षातून दोन-तीनदा तरी काढावाच लागतो.

सॉल्व्हंट सिमेंट लावण्याआधी सगळं कोरडं जोडून बघा आणि पेनने खुणा करा. पाइप काटकोनात कापा, कडेचे बुरे काढा, सिमेंट दोन्ही भागांना लावून पाव फेरा देत आत दाबा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. पाणी चोवीस तासांनंतर. खाली येणाऱ्या पाइपात ९० अंशाच्या एका एल्बोऐवजी ४५ चे दोन घाला आणि आडवा पाइप शक्यतो नकोच.

पंप निवडताना खोक्यावरचा मोठा आकडा बघू नका. तो शून्य उंचीचा असतो. सव्वा मीटर उंची आणि तीन-चार एल्बो धरून पंपाच्या तक्त्यात किती लिटर मिळतात ते बघा. तुमच्या टँकला तासाला १००० ते १२०० लिटर पुरेत. टँकमधल्या लाटांसाठी वेव्हमेकर वेगळा असतो.

जागेचं लगेच ठरवा. पाणी, काच, दगड, स्टँड मिळून वजन साडेचारशे किलोच्या आसपास जातं, आणि ते अर्ध्या चौरस मीटरवर. घरांच्या स्लॅबसाठी आपल्याकडचं मानक दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलोंचं आहे. भार खोलीभर वाटला जातो हे खरं, तरी टँक बीमवर किंवा भिंतीलगत कॉलमजवळ ठेवा. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय ठेवूच नका. स्टँडचे लोखंडी चौकोनी पाइप इपॉक्सी रंगवलेले, वर ७१० ग्रेडचा मरीन प्लाय आणि काचेखाली फोमची शीट.

सगळं जोडल्यावर पहिली भरणी साध्या नळाच्या पाण्याने, दोन दिवस. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर दुमडून ठेवा. डोळ्याला न दिसणारी पाझर त्यावर उमटते. मग पंपाचं बटण बंद-चालू करा, निदान दहा वेळा, आणि संपवर जास्तीत जास्त पातळीची रेघ मारा. एकदा सायफनचा व्हॉल्व्ह मुद्दाम पूर्ण बंद करून आणीबाणीचा पाइप एकटा सगळं पाणी पेलतो का तेही बघा. विजेच्या फळीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) हवा, फळी संपच्या कपाटाबाहेर, आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्या. इन्व्हर्टरवर रिटर्न पंप नको, फक्त वेव्हमेकर घ्या. मासे टिकतात ते पाणी हलत राहिल्याने, आणि बॅटरी कितीतरी जास्त वेळ पुरते.

खरं पाणी भरताना घरच्या प्युरिफायरचं वापरू नका. त्यातला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. आरओच्या पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लावून टीडीएस शून्य आणा, मग लिटरला ३६-३८ ग्रॅम समुद्री मीठ. तुमच्या टँकला साधारण दहा किलो लागेल. क्षारता रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग). मुंबईच्या चौपाटीचं पाणी सांडपाण्यामुळे नको, आणि मालवणकडून पोवळ्याचे खडक उचलून आणणं तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. कोरडे दगड किंवा सिरॅमिकचे घ्या; त्यांच्यावर जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवेपर्यंत मासा आणू नका.

रोज उडणारं पाणी पंपाच्या कप्प्यातच कमी झालेलं दिसतं. तिथे ऑटो टॉप-अप (फ्लोटवर चालणारं, कमी झालेलं पाणी आपोआप भरणारं साधन) लावलात तर त्याची गोड्या पाण्याची टाकी दहा-बारा लिटरचीच ठेवा. फ्लोट अडकून सगळी टाकी रिकामी झाली, तरी क्षारता दीडेक पीपीटीनेच उतरेल आणि संपही वाहणार नाही.