एफडी मोडून सोलर? आधी गिझरचा लाल दिवा बघा

काका, नमस्कार. तुमचं पत्र आणि बिलं बघितली. बेळगावच्या वडगावातलं घर, माणसं चार, बोअरचं पाणी, सात वर्षांचा 25 लिटरचा गिझर. पाणी हात भाजेल इतकं कढतं, तरी लाल दिवा विझत नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह दिवसभर गळतो. जानेवारीचं बिल 1,700च्या वर गेलं, म्हणून मुलगा म्हणतो, नोव्हेंबरात पिकणारी एफडी आत्ताच मोडून 38,000चा सोलर वॉटर हीटर बसवू.

मोडू नका.

आपल्याकडे बिल कन्नडात येतं म्हणून बरेच जण शेवटचा आकडा तेवढा बघतात. तुम्ही युनिट बघा. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, तुमची मोफत मर्यादा ठरते 2022-23च्या सरासरीवर 10 टक्के मिळवून. तुमची सरासरी 140, म्हणजे 154 युनिट. ऑक्टोबरात 151 जळले, बिल शून्य. डिसेंबरात 188, तेव्हा वरच्या 34 युनिटचेच पैसे पडले. जानेवारीत 214 झाले. 200 ओलांडले की सवलत त्या महिन्यापुरती पूर्ण जाते आणि पहिल्या युनिटपासून पैसे भरावे लागतात. खरा फटका शेवटच्या 14 युनिटांनी दिलाय.

हे युनिट कुठून वाढले? 25 लिटर पाणी 20 अंशांवरून 60वर न्यायला सव्वा युनिटाच्या आतच वीज लागते. तुमची कॉइल दोन किलोवॅटची, म्हणजे पस्तीस-चाळीस मिनिटांत दिवा विझायला हवा. पहाटे टाकी गार असताना घड्याळ लावून बघा, तोवर नळ उघडू नका. चाळीस मिनिटांनंतरही दिवा तसाच असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की वीज तोडणारा भाग, चिकटलाय. तुम्ही "आपोआप बंद होतो" या भरवशावर बटण चालूच ठेवता, आणि व्हॉल्व्हखालची बादली दिवसातून दोनदा भरते. ते पाणी काकू भांड्यांना वापरतात, वाया जात नाही, हे खरं. पण वीस लिटरची कढत बादली म्हणजे जवळपास एक युनिट. दिवसाला दोन, महिन्याला साठ. ऑक्टोबर ते जानेवारी वाढ 63ची आहे! थोडा वाटा थंडीचाही असेल.

मेस्त्री म्हणतो, कॉइलवर क्षार बसलेत, गिझरच बदला. बोअरच्या पाण्याने क्षार बसणारच. पण त्याने वीज फारशी वाढत नाही, उष्णता शेवटी टाकीतच जाते. पाणी तापायला वेळ लागतो आणि कॉइल लवकर जळते, एवढंच. टाकी फुटलेली नसेल तर थर्मोस्टॅट, व्हॉल्व्ह, गॅस्केट आणि आतला मॅग्नेशियमचा रॉड बदलून घ्या, कॉइल साफ करून घ्या. त्याने या कामाचे 1,400 सांगितलेत, ते द्या. मेन स्विच बंद केल्याशिवाय झाकण उघडू देऊ नका. आणि गळतो म्हणून व्हॉल्व्हला बूच मारायचं नाही, वाफेला वाट तीच आहे.

आता सोलर. विकणाऱ्याने महिन्याला 500 वाचतील, सव्वासहा वर्षांत पैसे वसूल, असा हिशेब दिलाय. त्यात दोन गोष्टी गाळल्यात. एक, बेळगावचा पाऊस. जून ते सप्टेंबर गिझरच लावावा लागेल. दुसरी मोठी: 154च्या आतले युनिट तुम्हाला फुकटच आहेत. फुकटचे युनिट वाचवून हातात काय येणार? गिझर नीट झाला की सोलरची बचत जवळपास शून्य.

उद्या योजना बंद झाली तर? तेव्हा आठ महिन्यांचे 4,000 वाचतील. पण 38,000 सात टक्क्यांनी ठेवले तरी वर्षाला 2,660 व्याज येतं. 1,300-1,400च्या फरकासाठी आज मुदतीआधी मोडायची आणि वर अर्धा-एक टक्का व्याजकपात सोसायची, हे मला पटत नाही. नोव्हेंबरात एफडी पिकेल तेव्हा योजनेचं काय झालंय ते बघू. तोवर बटण नाहणं झालं की बंद, आणि दर रविवारी मीटरचं रीडिंग कॅलेंडरवर लिहा. आठवड्याला 35च्या वर गेलं की मला कळवा.