बायपासनंतर श्वासाची नळी लवकर निघेल का, हे आधी सांगता येतं का?

तुमच्या वडिलांची बायपास आहे. भूलतज्ज्ञ म्हणाले, 'नळी सहा तासांत काढायचा प्रयत्न करू, पण खात्री देत नाही,' आणि ही टाळाटाळ वाटते का, असं तुम्ही विचारलंय. मला नाही वाटत. मी हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या आयसीयूत डॉक्टर आहे आणि नातेवाइकांना मीही हेच सांगतो.

आधी कळतं ते एवढं: वय, इजेक्शन फ्रॅक्शन (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं), सीओपीडीसारखा फुप्फुसाचा जुना आजार, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी), ऑपरेशन ठरवून आहे की तातडीचं, पहिलं की दुसऱ्यांदा. यावरून कोणाला उशीर लागू शकेल याचा अंदाज येतो. पण बरंचसं ऑपरेशन थिएटरमध्ये ठरतं. ऑपरेशनदरम्यान हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर किती वेळ गेला, रक्त किती चढवावं लागलं, हृदयाला आधार देणारी औषधं किती लागली, हे सकाळी कुणाला माहीत असणार? भूल कशी दिली यावरही अवलंबून असतं. पूर्वी फेंटानिलसारखी गुंगी आणणारी तीव्र वेदनाशामक औषधं मोठ्या डोसमध्ये देत, त्यामुळे रुग्ण रात्रभर व्हेंटिलेटरवरच असे. 1990 च्या दशकात डोस कमी झाले आणि काही तासांत नळी काढणं रुळलं.

रुग्ण आयसीयूत आला की माझा अंदाज मी नव्यानं बांधतो. अंग 36 अंशांपर्यंत गरम झालंय का? 'डोळे उघडा, हात दाबा, मान उचला' म्हटल्यावर करतात का? ब्लड गॅस (रक्तातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड) बरा आहे का, व्हेंटिलेटरचा आधार कमी केल्यावर श्वास दमदार चालतो का? आणि सगळ्यात आधी माझी नजर छातीत साचणारं रक्त बाहेर काढणाऱ्या ड्रेनकडे जाते. रुग्ण टक्क जागा असला तरी रक्त वाहतंय तोवर मी नळी काढत नाही. पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागलं तर नळी परत घालावी लागेल, आणि ते जास्त त्रासाचं.

एक आकडा तुम्हाला नेटवर दिसेल: मिनिटाला किती श्वास, भागिले एका श्वासातली हवा लिटरमध्ये. 105 च्या खाली आला तर चांगलं. तो 1991 मध्ये यांग आणि टोबिन यांनी मांडला, पण मेडिकल आयसीयूतल्या, म्हणजे ऑपरेशनसाठी नव्हे तर आजारपणामुळे दाखल झालेल्या रुग्णांवरून. बायपासनंतर अडचण बहुतेकदा फुप्फुसांची नसून रक्तस्राव, गुंगी किंवा दमलेल्या हृदयाची असते. त्यामुळे या आकड्यावर मी फारसा विसंबत नाही.

सहा तास उलटले म्हणून घाबरू नका. 'नळी कधी काढणार?' यापेक्षा 'कशासाठी थांबलोय?' असं विचारा. 'अजून गुंगी आहे' आणि 'रक्तदाब टिकत नाही' या दोन उत्तरांत फार फरक आहे.

भूलतज्ज्ञांना वडिलांचं धूम्रपान, झोपेतलं मोठं घोरणं आणि आधीच्या भुलेच्या वेळचा त्रास न लपवता सांगा. वडिलांनाही सांगून ठेवा की जाग येईल तेव्हा तोंडात नळी असेल, बोलता येणार नाही, कदाचित हात सैल बांधलेले असतील. नळीशी झगडायचं नाही, विचारलं की मान हलवायची.