पाळकांशी मत जुळत नाही, मग?

‘पाळकसाहेबांविरुद्ध बोलणं म्हणजे देवाविरुद्ध बोलणं का?’ पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू. वेंगुर्ला-सावंतवाडी भागातल्या ख्रिस्ती कुटुंबांकडून हा प्रश्न मी कितीदा तरी ऐकते. विचारणारी माणसं भांडखोर नसतात. बहुतेक जण लहानपणापासून त्याच बाकावर बसत आलेले असतात. मंडळी, म्हणजे एका चर्चचा समुदाय, लहान, निम्मे लोक एकमेकांचे सोयरे. सोडून जायचं तर जाणार कुठं?

असेच एक काका आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीत ते कित्येक वर्षं आहेत. कापणीच्या सणाला भात, नारळ, भोपळे, कोंबड्या अर्पण होतात आणि मग त्यांचा लिलाव होतो. त्या पैशातून पावसाआधी देवळाची कौलं परतली जातात. नव्या पाळकसाहेबांनी कमिटीला न विचारता उपासनेतच जाहीर केलं, की यापुढे लिलाव नाही. काका तिथं गप्प राहिले. नंतर मात्र बाजारात, लग्नात, मुंबईच्या भावाला फोनवर, सगळ्यांना सांगत सुटले आणि प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतला भाकर-द्राक्षारसाचा विधी, घेणं थांबवलं.

“हे सगळं पाळकांना सांगितलंत?”

“कसं सांगणार, बाई? दाविदानंसुद्धा शौल राजावर हात टाकला नाही. अभिषिक्त, देवानं नेमलेला माणूस आहे तो.”

हे वचन माझ्यासमोर फार वेळा येतं, आणि ते नेहमी अर्ध्यावर थांबतं. मी त्यांना बायबलमधल्या पहिल्या शमुवेलाचा चोविसावा अध्याय पुढं वाचायला सांगितला. शौल 3000 माणसं घेऊन दाविदाच्या मागावर आहे. गुहेत दावीद त्याच्या झग्याचा काठ कापतो, पण त्याला मारत नाही. इथवर सगळ्यांना पाठ असतं. पुढं दावीद गुहेबाहेर येतो, मागून राजाला हाक मारतो, जमिनीपर्यंत लवतो आणि कापलेला काठ दाखवून त्याच्या तोंडावर सांगतो, की तुम्ही माझ्यावर अन्याय करताय.

काका तेच वाक्य पुन्हा वाचू लागले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे त्यानं हाकही मारली आणि मानही दिला.”

“आणि तुम्ही?”

“मी मान दिला नाही आणि हाकही मारली नाही. नुसता गावभर बोललो.”

इतक्या वर्षांच्या कामानंतर माझं मत पक्कं झालंय. मंडळ्या मतभेदानं फुटत नाहीत. ज्याच्याशी मतभेद आहे त्याला सोडून तिसऱ्याला सांगितलेल्या बोलण्यानं फुटतात. बायबलमध्येच पौलानं अंत्युखियात पेत्राला सर्वांसमोर विरोध केला. दोघंही प्रेषितच राहिले.

या भागात आणखी एक गाठ आहे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनमुळं इथं वडीलजनांनी, म्हणजे मंडळीतल्या ज्येष्ठ पुढाऱ्यांनी, मिळून ठरवायची सवय जुनी. 1970 मध्ये वेगवेगळी प्रोटेस्टंट चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाल्यावर बिशपांची, म्हणजे पाळकांवरच्या वरिष्ठ धर्मगुरूंची, व्यवस्था आली. जुन्या घरांना पाळक हुकूम सोडतात असं वाटतं, पाळकांना कमिटी अडवते असं वाटतं. म्हणून मी आधी विचारते, विषय कोणता? शिकवण, संस्कार (बाप्तिस्मा, प्रभुभोजन), उपासना यांत पाळकानं ठाम असायलाच हवं. ढिला पाळक मंडळीला जास्त महाग पडतो. पैसा आणि इमारत मात्र कमिटीपुढं यायला हवी. तक्रार आधी एकट्यानं, एकांतात सांगा. नाही ऐकलं तर एकदोघांना सोबत न्या, मग कमिटी, मग बिशपसाहेब. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायात क्रम असाच आहे: आधी एकांतात, मग एकदोघांसोबत, मग मंडळीपुढं.

पण पाळक हिशेब दाखवत नसेल, दफनविधी नाकारायची धमकी देत असेल, तर तो ठामपणा नव्हे. तिथं सरळ वर लेखी कळवा. आणि मुलांच्या लैंगिक छळाचा प्रश्न असेल तर मंडळीतला कुठलाच क्रम लागू नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार माहिती असून पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे.

काका पाळकांना भेटायला एकटे गेले. तिथं त्यांना लिलाव बंद करण्याचं कारण कळलं. एका विधवेची टोपली कवडीमोलानं गेली होती, पाठोपाठ एका चाकरमान्याच्या मोठ्या बोलीला टाळ्या पडल्या होत्या, आणि त्या बाईचा मुलगा तेव्हापासून देवळात आला नव्हता. काकांना कारण पटलं, पद्धत पटली नाही. तेही त्यांनी तिथंच सांगितलं. पुढच्या बैठकीत पाळकसाहेबांनी विषय कमिटीपुढं ठेवला. लिलाव बंदच राहिला. काकांनी विरोधी मत दिलं, ते इतिवृत्तात नोंदवून घेतलं आणि त्या रविवारी प्रभुभोजन घेतलं. कौलांसाठी वर्गणीचा कागद आता तेच घेऊन फिरतात, आणि लिलाव पुन्हा सुरू व्हावा असं अजूनही म्हणतात. पाळकांसमोर.